रेंजफाइंडरसारखा हाताळता येणारा फिल्म एसएलआर: निवड, जुळणी आणि सराव

रेंजफाइंडर कॅमेऱ्याने, म्हणजे लेन्सऐवजी वेगळ्या खिडकीतून पाहायच्या कॅमेऱ्याने, रस्त्यावरची छायाचित्रे टिपण्याची इच्छा अनेकांना असते, परंतु लायकाच्या एम मालिकेतील बॉडी आणि तिच्यासाठीची एखादी लेन्स यांची एकत्रित किंमत ऐकल्यावर ती इच्छा बहुधा तिथेच विरते. अशा वेळी सत्तरच्या दशकातील लहान आकाराचा एखादा यांत्रिक एसएलआर (आरशाद्वारे लेन्समधूनच दृश्य दाखवणारा कॅमेरा) घेऊन तो रेंजफाइंडरसारखा वापरता येतो. मात्र बॉडी लहान असली म्हणजे काम झाले, असे होत नाही. रेंजफाइंडरची हाताळणी मुळात कृतींच्या क्रमात असते: अंतर आणि एक्स्पोजर (फिल्मवर पडणारा प्रकाश) आधी ठरवायचे, कॅमेरा डोळ्याला नंतर लावायचा आणि डोळ्याला लावल्यावर केवळ चौकट पाहून शटर दाबायचे. एसएलआर वापरणारा नेमका उलट क्रमाने वागतो, कारण त्याला कॅमेऱ्यातून पाहण्याच्या काचेवर प्रतिमा धूसर दिसते आणि ती स्पष्ट करण्यातच त्याचा क्षण निघून जातो. पुढील सर्व पायऱ्या हा क्रम बदलण्यासाठी आहेत.

फरक नेमका कुठे पडतो

रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून न पाहता वेगळ्या खिडकीतून पाहतो. त्यामुळे दृश्य नेहमी सगळीकडे स्पष्ट दिसते, चौकटीच्या रेषांबाहेर काय चालले आहे तेही दिसते आणि शटर उघडण्याच्या क्षणी दृश्य नाहीसे होत नाही. एसएलआरमध्ये आरसा वर उचलला जातो तेवढा वेळ अंधार होतो, आरशाचा आवाज होतो आणि त्याचा हलका धक्काही बसतो. शिवाय आरशाला जागा हवी म्हणून लेन्सची माउंट, म्हणजे लेन्स बसवायची कडी, फिल्मपासून दूर ठेवावी लागते. लायका एममध्ये हे अंतर २७.८ मिमी आहे, तर ऑलिंपस ओएममध्ये ४६ मिमी. त्यामुळे एसएलआरच्या वाइड लेन्सची रचना अधिक गुंतागुंतीची होते आणि बॉडीही जाड होते.

यांपैकी जाडी, आवाज आणि धक्का हे दोष योग्य बॉडी निवडून बरेच कमी करता येतात. धूसर प्रतिमा आणि क्षणभराचा अंधार यांवर मात्र सवयीने मात करावी लागते.

बॉडीची निवड

या कामासाठी माझी पहिली पसंती ऑलिंपस ओएम-१ ही आहे आणि ती केवळ आकारामुळे नाही. योशिहिसा मैतानी यांनी रचलेला हा कॅमेरा १९७२ मध्ये एम-१ या नावाने बाजारात आला. एम हे अक्षर लायकाच्या मालिकेचे असल्याने लायका बनवणाऱ्या लाइट्झ कंपनीने हरकत घेतली आणि पुढील वर्षी त्याचे नाव ओएम-१ झाले. मैतानी स्वतः लायका वापरणारे होते, हे या कॅमेऱ्याच्या बांधणीत जाणवते. लेन्सशिवाय त्याचे वजन सुमारे ५१० ग्रॅम आहे, रुंदी १३६ मिमी आणि उंची ८३ मिमी आहे, म्हणजे लायका एम३ च्या अगदी जवळपास. आरशाचा धक्का शोषण्यासाठी आत हवेचा डँपर बसवलेला आहे आणि शटर कापडी पडद्याचे असल्याने आवाजही मऊ आहे.

त्याची खरी खुबी शटर-गतीच्या रिंगमध्ये आहे. ही रिंग वरच्या तबकडीऐवजी लेन्सच्या माउंटभोवती आहे. त्यामुळे ऑलिंपसच्या बहुतेक झुइको लेन्स लावल्यावर डाव्या हाताखाली ओळीने तीन रिंगा येतात: बॉडीलगत शटर-गती, मधे फोकस आणि अगदी पुढे ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारे छिद्र. उजवा हात फक्त शटर दाबतो आणि फिल्म पुढे सरकवतो. व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) प्रकाश मोजणाऱ्या मीटरच्या काट्याखेरीज काहीच दिसत नाही, शटर-गती नाही आणि ॲपर्चरही नाही. काहींना ही उणीव वाटते. आपल्या कामासाठी ती सोयच आहे, कारण आकडे डोळ्याने न वाचता बोटांनी ओळखण्याची सवय त्यामुळे आपोआप लागते.

दुसरा उत्तम पर्याय म्हणजे १९७६ चा पेंटॅक्स एमएक्स. तो ओएम-१ पेक्षाही किंचित लहान असून वजनाने सुमारे ४९५ ग्रॅम आहे. त्याचे शटरही पूर्णपणे यांत्रिक आहे आणि त्याच्या मीटरला लागणाऱ्या एलआर४४ या दोन सेल आजही घड्याळाच्या दुकानात मिळतात. शटर-गतीची तबकडी मात्र नेहमीप्रमाणे वर आहे, त्यामुळे गती बदलताना उजव्या हाताची पकड हलते. ज्यांना ५० मिमी लेन्सच वापरायची आहे त्यांनी मात्र एमएक्सलाच प्राधान्य द्यावे. त्याचे कारण डोळ्याविषयीच्या भागात येईल.

तिसरा पर्याय वेगळ्याच घडणीचा आहे. मैतानी यांचाच ऑलिंपस पेन एफ हा १९६३ चा कॅमेरा एसएलआर असूनही त्याच्या माथ्यावर प्रिझमचा (प्रतिमा डोळ्याकडे वळवणाऱ्या काचेचा) उंचवटा नाही, कारण त्याचा आरसा आडवा, म्हणजे बाजूला फिरतो आणि प्रतिमा आतल्या आत परावर्तित होत डाव्या टोकाच्या खिडकीपर्यंत पोहोचते. त्यामुळे तो रेंजफाइंडरसारखा केवळ दिसतो असे नाही. डोळा लावल्यावर नाकही पाठीवर न दाबले जाता बाजूला राहते. फिल्मवर १८ × २४ मिमीची अर्धी चौकट उमटते, ३६ च्या रोलमध्ये ७२ छायाचित्रे येतात आणि कॅमेरा सरळ धरल्यावर चौकट उभी दिसते. १९६६ च्या पेन एफटीमध्ये मीटर आहे. पण त्यासाठी प्रकाशाचा काही भाग वळवलेला असल्याने त्याचा व्ह्यूफाइंडर अंधुक आहे. मीटर नसलेला १९६७ चा पेन एफव्ही मिळाला तर तो घ्यावा.

निकॉनचे एफएम आणि एफएम२ भरवशाचे कॅमेरे आहेत, पण ते या तिघांइतके आटोपशीर नाहीत. कॅननच्या १९६५ च्या पेलिक्समध्ये आरसा स्थिर आणि अर्धपारदर्शक असल्याने शटर दाबताना अंधार होतच नाही. मात्र व्ह्यूफाइंडर आणि फिल्म या दोन्हींकडे जाणारा प्रकाश कमी होतो आणि बॉडी जड आहे. कुतूहल म्हणून तो ठीक आहे.

लेन्स: लहान आणि मंद

येथे बहुतेकांचा कल एफ/१.४ लेन्सकडे असतो (एफचा आकडा जितका लहान तितके ॲपर्चर मोठे; मोठ्या आकड्याची लेन्स म्हणजे मंद) आणि तो टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एसएलआरचा व्ह्यूफाइंडर नेहमी लेन्सचे ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवून प्रतिमा दाखवतो. आपण एफ/८ लावले असले तरी काचेवर एफ/१.४ चीच उथळ स्पष्टता दिसते. अंतर आधीच बरोबर लावलेले असूनही प्रतिमा धूसर दिसते आणि हात नकळत फोकस रिंगकडे जातो. एफ/२.८ किंवा एफ/३.५ ची वाइड लेन्स काचेवरच बऱ्यापैकी स्पष्ट दिसत असल्याने हा मोह कमी होतो.

ओएमसाठी झुइको ३५ मिमी एफ/२.८ किंवा २८ मिमी एफ/३.५ यांपैकी एक घ्यावी. दोन्ही लहान आहेत, दोन्हींना ४९ मिमीचा फिल्टर बसतो आणि त्यांच्या एफ/२ च्या भावंडांच्या तुलनेत त्या बऱ्याच स्वस्त मिळतात. पेंटॅक्ससाठी त्याच कंपनीच्या एम मालिकेतील २८ मिमी किंवा ३५ मिमी एफ/२.८ घ्यावी. ४० मिमी एफ/२.८ ही पेंटॅक्सची चकतीसारखी लेन्स १८ मिमी जाड आणि ११० ग्रॅम वजनाची असल्याने सर्वांना हवीशी वाटते. पण तिची फोकस रिंग इतकी अरुंद आहे की न पाहता अंतर लावणे अवघड जाते. खिशात मावणे आणि हाताला सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेन एफसाठी २५ मिमी एफ/४ ही लेन्स पूर्ण चौकटीच्या साधारण ३६ मिमीसारखी वागते आणि ती या कामाला चपखल बसते.

विकत घेताना

हे सर्व कॅमेरे आता सेकंड हँडच मिळतात. मुंबईत फोर्टातील बोरा बाजाराच्या परिसरात कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. इतरत्र बहुतेक व्यवहार ऑनलाइन होतात. शक्य असेल तर वस्तू हातात घेऊन पाहावी.

प्रथम लेन्स पाहावी. ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवून एका बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारावा आणि दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे. मुंबई, कोकण किंवा गोव्यात काही पावसाळे कपाटात काढलेल्या लेन्समध्ये ती हमखास सापडते. थोडी धूळ असल्यास चित्रावर परिणाम होत नाही, बुरशी मात्र वाढत जाते आणि काचेवरील लेप खाते.

त्यानंतर बॉडीचे मागचे झाकण उघडून उजळ भिंतीकडे पाहत सर्व गती एकेक करून तपासाव्यात. १/१००० सेकंदावर चौकटीची एक कड काळी राहिली तर पडद्यांची चाल बिघडलेली आहे. १ सेकंदाची गती कानाने मोजता येते. झाकणाच्या खाचेतील फोम चिकट झालेला असेल तर तो बदलावा लागेल, पण हे काम स्वस्त आणि सोपे आहे. ओएम-१ मध्ये मात्र प्रिझमवरचा फोम विशेष त्रासदायक ठरतो. तो कुजला की प्रिझमची चांदी खातो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये काळपट डाग किंवा रेघ दिसते. त्याचा चित्रावर परिणाम होत नाही, पण प्रिझम बदलणे खर्चिक असल्याने किंमत त्या मानाने कमी करून घ्यावी.

कॅमेरा तयार करणे

ओएम-१ चे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेले आहे आणि त्या सेल आता बनत नाहीत. त्याच आकाराची १.५ व्होल्टची अल्कलाइन सेल टाकली तर काटा प्रकाश जास्त दाखवतो आणि फिल्मला कमी प्रकाश मिळून निगेटिव्ह पातळ येतात. सोपा उपाय श्रवणयंत्राच्या दुकानात मिळतो. ६७५ क्रमांकाची झिंक-एअर सेल सुमारे १.४ व्होल्ट देते. ती व्यासाने लहान असल्याने तिच्याभोवती नळाचा पातळ रबरी वॉशर बसवावा, म्हणजे ती खणात हलत नाही. या सेलवरचा कागद काढला की ती वापरात असो वा नसो, हळूहळू संपू लागते, म्हणून एक जादा सेल पिशवीत ठेवावी. सेल संपली तरी शटर चालूच राहते, हा यांत्रिक कॅमेऱ्याचा मोठा दिलासा आहे.

ओएम-१ आणि एमएक्स या दोन्हींची फोकसिंग स्क्रीन (प्रतिमा दिसते ती काच) माउंटमधून चिमट्याने बदलता येते. मधोमध दुभंगलेले वर्तुळ नसलेली साधी मॅट स्क्रीन मिळाल्यास ती बसवावी. त्या वर्तुळातील तुटलेल्या रेषा जुळवण्याचा मोह रेंजफाइंडरच्या हाताळणीत आड येतो.

आता सर्वांत उपयोगी बदल. लायकाच्या अनेक लेन्सना फोकससाठी बोटाची खोबण असलेली कडी असते आणि तिच्या स्थितीवरून अंतर न पाहता कळते. एसएलआरच्या लेन्सला ती नसते, पण हार्डवेअरच्या दुकानात कपाटाच्या दाराला लावायच्या लहान, चिकटणाऱ्या रबरी बुट्या मिळतात, त्यांपैकी एक पुरते. लेन्सचे अंतर २ मीटरवर लावावे आणि रिंगच्या अगदी तळाशी, जमिनीकडे तोंड करून बुटी चिकटवावी. त्यानंतर रिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ती शटर-गतीच्या रिंगेवरच्या उंचवट्यांना अडत नाही ना, हे पाहावे. बुटी तळाशी लागली म्हणजे २ मीटर. ती एका बाजूला कललेली लागली तर अंतर जवळचे, दुसऱ्या बाजूला कललेली लागली तर दूरचे. कोणती बाजू कशाची हे लेन्सनुसार बदलते, ते एकदा हाताला कळले की विसरत नाही.

अंतराचा सराव

अंतर ओळखण्यासाठी चौकटीचाच उपयोग करता येतो. कॅमेरा आडवा धरला असता साधारण १.७ मीटर उंचीची उभी व्यक्ती डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत नेमकी भरली, तर २८ मिमी लेन्सने ती २ मीटरवर, ३५ मिमीने अडीच मीटरवर आणि ५० मिमीने साडेतीन मीटरवर असते. हे तीन आकडे घरच्या भिंतीवर टेप लावून पडताळून पाहावेत. काही दिवस कॅमेऱ्यात रोल न भरता चहाच्या टपरीसमोर किंवा बसथांब्यावर उभे राहून समोरच्या माणसाचे अंतर मनात म्हणावे, रिंग बोटाने लावावी आणि मगच डोळा लावून स्क्रीनवर तपासावे. या तपासण्याच्या बाबतीत एसएलआर रेंजफाइंडरपेक्षा सरस आहे, कारण आपला अंदाज कुठे चुकला हे तो लगेच दाखवतो.

ॲपर्चर लहान असले की अंदाजातील चूक खपून जाते. ३५ मिमी लेन्स एफ/८ वर ठेवून ३ मीटरवर लावली तर साधारण १.९ ते ७.३ मीटरपर्यंत सर्व काही पुरेसे स्पष्ट येते. एफ/११ वर २ मीटर लावले तर १.३ ते ४.३ मीटर. २८ मिमी एफ/८ वर सव्वातीन मीटरला लावली तर सुमारे १.६ मीटरपासून अनंतापर्यंत. गर्दीच्या बाजारात दुसरी मांडणी वापरावी, मोकळ्या चौकात पहिली. लेन्सवर कोरलेली खोलीची मोजपट्टी याहून थोडी उदार असते, म्हणून मोठी छपाई करायची असेल तर तिच्यावर एका स्टॉपने (प्रकाश दुप्पट किंवा निम्मा करणाऱ्या एका पायरीने) कमी विश्वास ठेवावा, म्हणजे एफ/८ वर एफ/५.६ च्या खुणा पाहाव्यात. झुइको लेन्सच्या बाजूचे बटण दाबून ॲपर्चर प्रत्यक्ष बंद करून पाहता येते; स्क्रीन काळोखी होते, पण धूसर दिसणारे किती स्पष्ट येणार आहे याची खात्री पटते.

प्रकाश आधी ठरवणे

आयएसओ ४०० ची निगेटिव्ह फिल्म वापरावी. तिच्यावर भर उन्हात १/५०० सेकंद आणि एफ/१६, म्हणजेच १/१००० आणि एफ/११ हे एक्स्पोजर चालते. मोकळ्या सावलीत १/२५० आणि एफ/८. दिव्यांनी उजळलेल्या दुकानात १/६० आणि एफ/२.८ पासून सुरुवात करावी. घराबाहेर पडल्यावर उन्हाचे आणि सावलीचे एकेक माप मीटरने घ्यावे आणि नंतर मीटर बंद ठेवावे. ऊन-सावलीच्या गल्लीत दोन्हींतील फरक साधारण तीन स्टॉपचा असतो. ॲपर्चर एफ/११ वर स्थिर असेल तर शटर-गतीची रिंग १/१००० च्या टोकाकडून तीन टिचक्या मागे नेली की १/१२५ येते आणि सावलीचे माप तयार होते. टोकापासून टिचक्या मोजण्याची ही पद्धत अंधारातही चालते. शंका असेल तेव्हा एक स्टॉप जास्त प्रकाश द्यावा, कारण निगेटिव्ह फिल्म जास्त प्रकाश सहज सोसते, कमी प्रकाश मात्र सोसत नाही.

दोन्ही डोळे उघडे ठेवणे

ओएम-१ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये ५० मिमी लेन्सने दिसणारी प्रतिमा प्रत्यक्षाच्या ०.९२ पट असते, एमएक्समध्ये ०.९७ पट. उजवा डोळा कॅमेऱ्याला लावून डावा उघडा ठेवला तर एमएक्सवर दोन्ही प्रतिमा जवळजवळ एकरूप होतात आणि मोकळ्या दृश्यावर चौकट तरंगताना दिसते. आरसा वर गेल्यावर उजव्या डोळ्यापुढे अंधार झाला तरी डाव्या डोळ्याला तो क्षण दिसतच असतो. रेंजफाइंडरच्या इतक्या जवळ जाणारा अनुभव दुसऱ्या कोणत्या एसएलआरमध्ये मिळत असेल असे मला वाटत नाही.

यात एक अडचण आहे. ३५ मिमी लेन्स लावली की हीच प्रतिमा ओएम-१ मध्ये साधारण ०.६४ पट होते आणि दोन्ही डोळ्यांतील दृश्ये जुळेनाशी होतात. म्हणून वाइड लेन्सवर डावा डोळा केवळ चौकटीबाहेरून कोण येत आहे हे पाहण्यासाठी उघडावा आणि शटर दाबताना लक्ष उजव्या डोळ्याकडे न्यावे. ज्यांचा डावा डोळा प्रबळ आहे त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे बॉडी येते. त्यांना हा भाग सोडून द्यावा लागेल आणि पुढचा उपाय अधिक उपयोगी पडेल.

आरसा वर ठेवून वापरणे

ओएम-१ मध्ये माउंटशेजारची छोटी कळ फिरवून आरसा वरच अडकवून ठेवता येतो. नंतरच्या ओएम-२ मध्ये ही सोय नाही. कॅमेऱ्याच्या माथ्यावरील शूमध्ये, म्हणजे फ्लॅश बसवायच्या खाचेत, २८ किंवा ३५ मिमीचा सुटा ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर बसवला की आरशाचा आवाज, धक्का आणि अंधार तिन्ही एकदम जातात. ही युक्ती नवी नाही: निकॉन एफसाठीची २१ मिमी एफ/४ ची निक्कोर लेन्स बॉडीत इतकी आत जात असे की आरसा वर अडकवून आणि सुटा व्ह्यूफाइंडर लावूनच ती वापरावी लागे.

यासाठी काही पथ्ये आहेत. मीटरचे सेन्सर प्रिझमजवळ असल्याने आरसा वर असताना मीटर काम करत नाही, म्हणून माप आधीच घ्यावे. ओएम-१ चा शू स्क्रूने बसवायचा वेगळा भाग असतो आणि जुन्या शूचे प्लास्टिक तडकते, तेव्हा जड व्ह्यूफाइंडर लावू नये. व्ह्यूफाइंडर लेन्सच्या बराच वर असल्याने जवळच्या माणसाचे डोके कापले जाते; दीड-दोन मीटरवर चित्रित करताना डोक्यावर जास्त जागा सोडावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आरसा वर असताना लेन्स सूर्याकडे तोंड करून ठेवू नये. आरशाचा आडोसा नसल्याने लेन्स सूर्याची प्रतिमा थेट कापडी पडद्यावर पाडते आणि पडद्याला बारीक भोक पडू शकते. कापडी शटरच्या लायकालाही हाच धोका असतो. चालताना लेन्सवर झाकण तरी ठेवावे, नाहीतर कॅमेरा खाली तोंड करून लटकवावा.

पहिल्या रोलची तपासणी

पहिला रोल एकाच लेन्सने, शक्यतो एकाच अंतरावर टिपावा आणि कॉन्टॅक्ट शीट (सर्व चौकटींची एकाच कागदावरची लहान छपाई) किंवा साधे स्कॅन करून घ्यावे. माणसांच्या मागची भिंत स्पष्ट आणि चेहरे मऊ येत असतील तर अंतर जास्त धरले जात आहे. नवशिक्यांचा अंदाज बहुधा याच बाजूला चुकतो, कारण आपण ठरवल्यापेक्षा एक पाऊल पुढे जाऊन शटर दाबतो. सगळेच एका दिशेने ओढल्यासारखे मऊ दिसत असेल तर चूक फोकसची नसून हाताची आहे. ३५ मिमी लेन्सने रेंजफाइंडरवर १/१५ सेकंद हातात धरणे अनेकांना जमते, एसएलआरवर मात्र आरसा हलत असेल तर १/३० च्या खाली जाऊ नये. एखाद-दुसऱ्या चौकटीतच चेहरा मऊ असेल तर ती चूक सोडून द्यावी. पण तीच चूक रोलभर दिसत असेल तर रबरी बुटी २ मीटरऐवजी दीड मीटरच्या खुणेवर तळाशी येईल अशी पुन्हा चिकटवावी आणि पुढचा रोल त्याच मांडणीने भरावा.